जुन्या यंत्राचा आराखडा

भिंतीवरचे घड्याळ बंद पडले म्हणून ते टाकून देण्याची चाल पूर्वी नव्हती. घड्याळजी डोळ्याला भिंग लावी, मागचे झाकण उघडी, कमान आणि चाके यांवरून नजर फिरवी, आणि बहुधा त्याच बैठकीत दुखणे ओळखी. शिवणयंत्राचे आणि सायकलचेही तसेच. या यंत्रांचे मर्म डोळ्यांना दिसत असे. दाता झिजला असेल तर ते चाकच त्याची कबुली देई. संगणकाची गोष्ट निराळी. त्याच्या पेटीत हलणारे असे फारच थोडे असते. हिरव्या फळीवर काळ्या चिपांच्या रांगा बसलेल्या असतात, आणि त्यांतली निरोगी कोणती व मेलेली कोणती हे पाहून सांगता येत नाही. म्हणून तीस-चाळीस वर्षांपूर्वीचा एखादा संगणक वा प्रिंटर घरातल्या टेबलावर ठेवून तो पुन्हा चालू करण्याच्या खटपटीला जो मनुष्य लागतो, त्याला हत्यारांच्याही आधी एका कागदाची गरज पडते. तो कागद म्हणजे त्या यंत्राचा आराखडा. हा कागद कोणी छापला, कोणी दडविला आणि कोणी जाळला, याचा इतिहास हाच पुष्कळ अंशी जुन्या संगणकांच्या जगण्यामरण्याचा इतिहास होय.

कागद जाळण्याची हकीकत प्रथम सांगावयास हवी. दुसऱ्या महायुद्धात इंग्लंडमधील ब्लेचली पार्क येथे जर्मन सेनापतींचे सांकेतिक संदेश उलगडण्याच्या कामी ‘कोलॉसस’ नावाची यंत्रे राबत होती. ब्रिटिश टपाल खात्यातील अभियंते टॉमी फ्लॉवर्स यांनी ती रचली. पहिले यंत्र १९४४ च्या प्रारंभी कामास लागले आणि युद्ध संपेपर्यंत अशी दहा यंत्रे उभी राहिली. युद्ध संपले तशी त्यांची गरज सरली; परंतु गुप्ततेची गरज मात्र सरली नाही. बहुतेक यंत्रे मोडण्यात आली आणि त्यांचे आराखडे अग्नीच्या स्वाधीन झाले. पुढे १९९३ साली टोनी सेल या अभियंत्यांनी हे यंत्र पुन्हा उभे करावयाचे मनावर घेतले, तेव्हा त्यांच्यापुढे मुख्य आधार होता तो युद्धकाळातील आठ छायाचित्रांचा आणि काही जुन्या सहकाऱ्यांनी नियमाला न जुमानता जपून ठेवलेल्या आराखड्यांच्या तुकड्यांचा. यंत्र अंशतः चालू झाले १९९६ मध्ये आणि पूर्ण झाले २००७ मध्ये. चौदा वर्षांचा हा काळ यंत्र जोडण्यापेक्षा त्याची हरवलेली माहिती जुळविण्यातच अधिक गेला, असे म्हटल्यास ते वावगे होणार नाही.

याच्या नेमके उलट चित्र तीस वर्षांनंतर अमेरिकेत दिसू लागले. १९७५ च्या जानेवारीत ‘पॉप्युलर इलेक्ट्रॉनिक्स’ मासिकाच्या मुखपृष्ठावर ‘अल्टेअर ८८००’ या संगणकाचे चित्र आले. हा संगणक सुट्या भागांच्या रूपात मिळे. घेणाऱ्याने तो घरी बसून स्वतः डाख देऊन जोडावयाचा. ज्याने यंत्र स्वतः जोडले, त्याला ते दुरुस्त करण्यासाठी वेगळे शिक्षण कसले लागणार? त्याच वर्षीच्या मार्चमध्ये कॅलिफोर्नियातील मेन्लो पार्क येथे एका गॅरेजमध्ये हौशी मंडळींचा एक मेळावा भरला आणि त्यातून ‘होमब्रू कॉम्प्यूटर क्लब’ निघाला. त्या मंडळींत स्टीव्ह वॉझ्निअॅक नावाचा तरुण अभियंता होता. आपल्या पहिल्या संगणकाच्या आराखड्याच्या प्रती त्याने तेथे सरसकट वाटून टाकल्या होत्या.

ही उदारता पुढे काही काळ व्यापारातही टिकली. वॉझ्निअॅकने रचलेला ‘अॅपल टू’ हा संगणक १९७७ साली विक्रीस आला. १९७८ च्या जानेवारीत त्याची लाल वेष्टनाची संदर्भपुस्तिका निघाली. तिच्यात संपूर्ण विद्युत्-आराखडा तर होताच, पण यंत्राच्या स्मृतीत कायमची कोरलेली मूळ आज्ञावलीही ओळीने छापलेली होती. शिवाय या संगणकातील चिपा फळीला डाखलेल्या नसून सॉकेटांत बसविलेल्या असत. बोटाने उचलावी आणि दुसरी बसवावी, इतके ते सोपे होते. आयबीएमने १९८१ च्या ऑगस्टमध्ये आपला वैयक्तिक संगणक बाजारात आणला, तेव्हा त्या जगड्व्याळ कंपनीनेही आराखडे आणि मूळ आज्ञावली यांचा समावेश असलेला तांत्रिक ग्रंथ विकावयास ठेवला. त्याचा परिणाम असा झाला की थोड्याच अवधीत त्या संगणकाशी जुळणाऱ्या दुसऱ्या कंपन्यांच्या संगणकांची रीघ लागली. कंपनीच्या दृष्टीने हा तोटा असेल. यंत्राच्या दृष्टीने मात्र ते दीर्घायुष्याचे वरदान ठरले. जे सर्वांना ठाऊक झाले, ते एका कचेरीच्या विस्मरणाने नाहीसे होत नाही.

परंतु वारा लवकरच फिरला. १९८४ साली अॅपलनेच ‘मॅकिंटॉश’ काढला. त्याची पेटी नेहमीच्या स्क्रू-ड्रायव्हरने उघडत नसे. मूठ धरण्याच्या खाचेत खोलवर बसविलेल्या दोन स्क्रूंसाठी ताऱ्याच्या आकाराच्या टोकाचे एक लांबलचक हत्यार लागे. पेटी घरी उघडावयाची नाही, असा तो मूक आदेश होता. दुसरीकडे, स्वस्त संगणकांत अनेक साध्या चिपांचे काम एकाच खास चिपेवर सोपविण्याची पद्धत रूढ झाली. ब्रिटनमधील ‘झेडएक्स स्पेक्ट्रम’ या १९८२ सालच्या लोकप्रिय संगणकात फेरांटी कंपनीची अशीच एक चिप होती. तिच्यामुळे किंमत उतरली आणि संगणक सामान्य कुटुंबाच्या आवाक्यात आला, हे कबूल केलेच पाहिजे. पण ती चिप दुसऱ्या कोठल्याही यंत्रात नव्हती आणि तिचे अंतरंग कोठे छापलेलेही नव्हते. तिच्या अंतर्रचनेचा कसून अभ्यास करून ख्रिस स्मिथ यांनी २०१० साली एक ग्रंथ प्रसिद्ध केला, तेव्हा ते कोडे सर्वांसाठी सुटले. त्यानंतर मेलेल्या चिपेच्या जागी नव्या साधनांनी बनविलेली प्रतिचिप बसविणे सुकर झाले. येथेही आधी माहिती परत मिळवावी लागली आणि मग यंत्र परत मिळाले.

आता प्रत्यक्ष घरच्या दुरुस्तीकडे वळावे. माळ्यावरून खाली काढलेल्या जुन्या संगणकाची तार लगेच भिंतीतल्या प्लगात खुपसणे हा पहिला मोह आणि पहिलीच चूक. जाणता मनुष्य आधी झाकण काढतो, पाहतो आणि हुंगतो. अनेक संगणकांत घड्याळ चालू राहावे म्हणून निकेल-कॅडमियमची छोटी बॅटरी फळीवरच डाखलेली असे. वर्षानुवर्षे पडून राहिली की ती पाझरते. तिच्यातील अल्कली तांब्याच्या बारीक रेषा खात जाते आणि फळीवर हिरवट-निळी बुरशी धरल्यासारखे दिसते. अशा ठिकाणी पातळ शिरक्याने अल्कली मारावी लागते, मग फळी धुऊन पूर्ण वाळवावी लागते, आणि तुटलेली प्रत्येक रेषा केसासारख्या तारेने जोडावी लागते. पण रेषा कोठून निघून कोठे जात होती हे कळावे कसे? जेथे तांबेच उरलेले नाही, तेथे केवळ आराखडाच बोलू शकतो.

बॅटरीसारखाच दुसरा शत्रू म्हणजे कपॅसिटर. १९८०-९० च्या सुमारास फळीच्या पृष्ठभागावर डाखण्याचे जे लहान कपॅसिटर प्रचारात आले, त्यांपैकी पुष्कळांच्या बुडातून कालांतराने द्रव झिरपू लागला. तापलेली सळई त्यांना लावताच मासळीसारखा वास सुटतो. या विद्येतील मंडळी त्या वासावरूनच दुखणे ओळखतात. वीजपुरवठ्याच्या पेटीतील कागदी कपॅसिटरांचा तऱ्हा आणखी वेगळी. त्यांच्या पारदर्शक कवचाला बारीक तडे जातात, हवेतला ओलावा आत शिरतो, आणि कित्येक वर्षांनी वीज मिळाली की काही मिनिटांतच खोलीभर धूर होतो. तो पाहून घरची माणसे भयभीत होतात. वस्तुतः पुष्कळदा एक स्वस्त भाग जळालेला असतो आणि संगणक सुखरूप असतो.

म्हणून वीजपुरवठा हा नेहमी आधी आणि स्वतंत्र तपासावयाचा. त्या काळच्या चिपांना पाच व्होल्ट लागत, आणि त्यात पाव व्होल्टापेक्षा अधिक चढउतार त्यांना सोसत नसे. ‘कमोडोर ६४’ या १९८२ सालच्या संगणकाच्या वीजपुरवठ्याची वीट राळेने भरून बंद केलेली असे. आतला नियंत्रक बिघडला की पाच व्होल्टांऐवजी अधिक दाब जाई आणि स्मृतीच्या चिपा एकामागून एक बळी पडत. अशा संगणकाला जुनी वीट लावण्यापूर्वी ती मल्टिमीटरने मोजणे हे शहाणपणाचे. स्पेक्ट्रममध्ये याहून नाजूक व्यवस्था होती. त्याच्या स्मृतीच्या काही चिपांना अधिक पाच, अधिक बारा आणि उणे पाच असे तीन दाब लागत. त्यांतील उणे पाच नाहीसा झाला की त्या चिपा तापून मरत. नव्या चिपा बसवून हुरळून जाणारा आणि दुसऱ्याच क्षणी त्याही गमावणारा नवशिक्या या क्षेत्रात नेहमी आढळतो. त्याने रोग्याला औषध दिले, परंतु रोगाचे मूळ पाहिले नाही.

पुरवठा ठीक निघाला म्हणजे मग क्रमाने पुढे जावयाचे. सॉकेटांत बसलेल्या चिपा तापण्या-निवण्याच्या चक्राने हळूहळू वर सरकलेल्या असतात. त्या नुसत्या दाबून बसविल्याने कित्येक संगणक जागे झाले आहेत. तरीही पडद्यावर अर्थहीन चिन्हांची रांगोळीच दिसत राहिली, तर संशय स्मृतीवर जातो. जी चिप बोटाला चटका देते ती संशयित. संशयित चिपेच्या पाठीवर तशीच एक चांगली चिप पायाला पाय भिडवून ठेवावी, आणि चित्र पालटले तर चोर सापडला असे समजावे. ही युक्ती दर वेळी लागू पडत नाही, पण तिला काही खर्चही नाही. मूळ आज्ञावली साठविणारी चिप विसराळू झाली असेल, तर तिच्यातला मजकूर छापील मजकुराशी ताडून पाहता येतो. हे मात्र ज्यांनी तो मजकूर छापला, त्यांच्याच संगणकाबाबत शक्य होते. एक सूचना येथे दिलीच पाहिजे. जुन्या पडद्याच्या काचनळीला हजारो व्होल्टांचा दाब लागतो आणि वीज बंद केल्यावरही तो काही काळ तिच्यात टिकून राहतो. ज्याला तो उतरविण्याची रीत ठाऊक नाही, त्याने त्या पेटीत हात घालू नये.

प्रिंटर हा या कुटुंबातला श्रमजीवी. तो धावतो, ठोकतो, कागद ओढतो. त्यामुळे त्याचे विकारही घड्याळासारखे डोळ्यांना दिसणारे असतात. जपानच्या एप्सन कंपनीने १९८० साली आणलेला ‘एमएक्स-८०’ हा ठिपक्यांनी अक्षरे उमटविणारा प्रिंटर जगभर पसरला. त्याच्या डोक्यात नऊ टाचण्या असत आणि तो सेकंदाला ८० अक्षरे छापी. अक्षरांच्या ओळीतून सरळ पांढरी रेघ जाऊ लागली, म्हणजे एक टाचणी अडली किंवा तिला हलविणारी तारेची गुंडाळी जळाली असे समजावे. नऊही गुंडाळ्यांचा रोध मोजून एकमेकींशी ताडला की दोषी कोणती ते लगेच कळते. शाईची फीत सुकली तर छाप फिकट येतो एवढेच नव्हे. त्या शाईतील तेल टाचण्यांना वंगणासारखे उपयोगी पडते, म्हणून कोरड्या फितीवर प्रिंटर दामटणे हे त्याच्या डोक्याच्या जिवावर बेतते. लोखंडी दांड्यावरचे जुने वंगण चिकट होऊन बसते, आणि कागद ओढणारे रबरी रूळ काचेसारखे गुळगुळीत होतात. त्यांना पुसणे, घासणे किंवा बदलणे एवढेच काम उरते.

अशा प्रिंटरांच्या रचनाकारांनी दुरुस्ती करणाऱ्यावर एक मोठा उपकार करून ठेवला होता. ओळ सरकविण्याचे बटण दाबून धरून प्रिंटर चालू केला, की तो संगणकाच्या मदतीवाचून आपली सारी अक्षरे स्वतःच छापून दाखवी. अक्षरे नीट उमटली, तर प्रिंटर निर्दोष आणि दोष तारेत वा संगणकात; न उमटली, तर दोष प्रिंटरातच. एका बटणाने अर्धे निदान संपत असे. यंत्राने स्वतःची प्रकृती स्वतः सांगावी, हा प्रामाणिकपणा पुढच्या पिढीतल्या प्रिंटरांत कमी होत गेला.

प्रिंटरच्याच एका कुरबुरीतून संगणकाच्या इतिहासाला वळण मिळाले, ही गोष्ट येथे सांगण्याजोगी आहे. अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स तंत्रसंस्थेच्या प्रयोगशाळेत १९८० च्या सुमारास झेरॉक्स कंपनीने दिलेला एक लेझर प्रिंटर आला. त्याच्यात कागद वरचेवर अडके आणि दुसऱ्या मजल्यावर बसलेल्या माणसाला त्याचा पत्ता नसे. रिचर्ड स्टॉलमन या तरुण आज्ञावलीकाराने पूर्वीच्या प्रिंटरच्या आज्ञावलीत सुधारणा करून तो अडला की वाट पाहणाऱ्यांना निरोप जाईल अशी सोय केली होती. नव्या प्रिंटरची आज्ञावली मात्र वाचता येईल अशा रूपात मिळालीच नव्हती. ती दुसऱ्या एका विद्यापीठातील संशोधकापाशी होती. स्टॉलमन यांनी ती मागितली, तेव्हा कोणालाही न देण्याचे वचन दिले असल्याचे सांगून त्याने नकार दिला. अडलेला कागद कोणीही हाताने काढू शकला असता. परंतु पुन्हा अडल्यास कळावे, एवढी दुरुस्ती करण्याचा हक्क नाही, ही गोष्ट स्टॉलमन यांच्या मनात सलत राहिली. १९८३ च्या सप्टेंबरमध्ये त्यांनी सर्वांना वाचता, सुधारता आणि वाटता येईल अशा ‘ग्नू’ प्रणालीची घोषणा केली. पुढे शाईच्या नळकांड्यांत चिप बसवून ती पुन्हा भरण्यास अडथळा करण्याची प्रथा पडली. तो वाद अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. एकदा वस्तू विकल्यावर तिच्यावरील पेटंटचा हक्क संपतो, असा निर्णय त्या न्यायालयाने २०१७ साली लेक्समार्क कंपनीच्या खटल्यात दिला.

भारतात या प्रश्नाला राष्ट्रीय स्वरूप आले ते १९७८ साली. विदेशी कंपन्यांनी आपली मालकी चाळीस टक्क्यांपर्यंत उतरवावी, या परकीय चलनविषयक कायद्याच्या अटीवरून आयबीएमने या देशातील कारभार गुंडाळला. कंपनी गेली, पण तिची यंत्रे देशभरच्या कचेऱ्यांत आणि कारखान्यांत तशीच राहिली. ती चालू ठेवण्याची जबाबदारी सरकारने १९७५ साली स्थापन केलेल्या ‘कॉम्प्यूटर मेंटेनन्स कॉर्पोरेशन’वर आली. या संस्थेचे पहिले अध्यक्ष प्रा. आर. नरसिंहन हे होते. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत १९६० साली पूर्ण झालेला ‘टिफ्रॅक’ हा संगणक त्यांच्याच नेतृत्वाखाली तयार झाला होता. सुमारे २,७०० व्हॉल्व्ह असलेला तो संगणक ज्यांनी रचला, त्यांनीच तो चालविला आणि बिघडल्यावर त्यांनीच दुरुस्त केला. यंत्र उघडून पाहण्याची धिटाई या देशात आधीच रुजली होती. म्हणून कंपनी निघून गेल्यावरही यंत्रे मुकी झाली नाहीत.

मराठी भाषेच्या दृष्टीनेही या इतिहासातून घेण्यासारखे काही आहे. रोमन लिपीसाठी घडलेल्या संगणकावर आणि प्रिंटरवर देवनागरी उमटविणे सोपे नव्हते. कानपूरच्या तंत्रसंस्थेत सुरू झालेले आणि पुढे पुण्याच्या सी-डॅक संस्थेत वाढलेले ‘जिस्ट’ तंत्र त्यासाठी उपयोगी पडले. भारतीय लिप्यांसाठीचा ‘इस्की’ हा संकेत भारतीय मानक म्हणून १९९१ साली प्रसिद्ध झाला, आणि त्याच्या आधीच्या आवृत्तीवरच आज जगभर चालणाऱ्या युनिकोडमधील देवनागरीची मांडणी आधारलेली आहे. त्या प्रसिद्ध संकेतात लिहिलेला जुना मजकूर आजही वाचता येतो. परंतु त्याच काळात अनेक छापखान्यांनी असे टंक वापरले, की ज्यांत कोणते अक्षर कोणत्या अंकाने दाखविले आहे हे त्या त्या टंकाच्या कर्त्यालाच ठाऊक. अशा टंकांत जुळविलेली मराठी पुस्तके फ्लॉपीवर शाबूत असली, तरी उघडल्यावर निरर्थक चिन्हांचे कडबोळे दिसते. ती वाचावयाची तर जुना संगणक, जुनी फ्लॉपी-पेटी आणि जुना टंक असा सारा संसार पुन्हा उभा करावा लागतो. घरी जुना संगणक दुरुस्त करणाऱ्याकडे पोरखेळ करणारा म्हणून पाहणाऱ्यांनी एवढे ध्यानात घ्यावे, की एखाद्या लेखकाच्या अप्रकाशित हस्तलिखिताची किल्ली कदाचित त्याच टेबलावर असते.

आता कायदेही या बाजूने हळूहळू वळू लागले आहेत. फ्रान्समध्ये २०२१ पासून काही वस्तूंवर त्या दुरुस्त करणे किती सोपे आहे याचे गुण छापावे लागतात. भारत सरकारनेही २०२२ साली दुरुस्तीच्या हक्काचा विचार करण्यासाठी समिती नेमली. ब्रिटनमध्ये १९८९ पासून ‘कॉम्प्यूटर कॉन्झर्व्हेशन सोसायटी’ जुन्या संगणकांचे जतन करीत आहे. तिच्या सभासदांच्या खटपटीने, १९५१ मध्ये प्रथम चाललेला हारवेल येथील संगणक २०१२ साली पुन्हा चालू झाला. या सर्व उद्योगांच्या मुळाशी तीच एक गोष्ट आढळते. सुटा भाग पुन्हा घडविता येतो, गंज घासता येतो, तुटलेली तार जोडता येते. मात्र यंत्र कसे घडले याची विद्या एकदा भट्टीत गेली, तर ती परत मिळविण्यासाठी आठ छायाचित्रे आणि चौदा वर्षे लागतात.

म्हणूनच जुना संगणक भंगारात देण्याची वेळ आलीच, तर त्याच्यासोबत आलेली मळकी पुस्तिका तरी रद्दीत घालू नये. तिच्या शेवटच्या घडीच्या पानावर बारीक रेषांचे एक जाळे असते. ते पान उलगडून दिव्याखाली धरणारा कोणी ना कोणी पुढे निघतोच.